अकरा वाजता हातपाय का थरथरतात?

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून नाशिकला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. सकाळी आठ वाजता बशीभर पोहे, दोन कप चहा आणि चार बिस्किटे खाऊन मी घराबाहेर पडते. गेले सात-आठ महिने अकराच्या सुमारास मला एकाएकी दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, नोटा मोजताना बोटे थरथरतात आणि भुकेने जीव कासावीस होतो. चॉकलेट किंवा साखरपाणी घेतले की दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते, पण दीड-दोन तासांनी पुन्हा तेच. सासूबाईंच्या मते हे पित्त आहे. सासऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर एकदा मोजले तेव्हा ६८ आकडा आला. आईला मधुमेह आहे, मला नाही. वजनही फार नाही. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की हा त्रास हमखास होतो, पण हरतालिकेला दिवसभर निर्जळ राहूनही काही झाले नाही, याचे नवल वाटते. एक मैत्रीण म्हणते दर दोन तासांनी खा, दुसरी म्हणते दिवसातून दोनदाच जेव. मी काय करू? जाता जाता आणखी एक : माझे ७२ वर्षांचे सासरे मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्यांचे रात्रीचे जेवण आता अगदी थोडे झाले आहे. हल्ली ते पहाटे तीनच्या सुमारास घामाने भिजून उठतात आणि थोडा वेळ असंबद्ध बोलतात. वयोमानामुळे असेल ना? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : ताई, जी गोष्ट तुम्ही 'जाता जाता' लिहिली आहे तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण ती आजच्या आज हाताळण्यासारखी आहे. मधुमेहाची गोळी घेणारा, मूत्रपिंडांची ताकद वयाप्रमाणे उणावलेला आणि रात्री दोन घास खाऊन झोपणारा माणूस पहाटे घामाने भिजून उठत असेल व असंबद्ध बोलत असेल, तर ते वयोमान नव्हे. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत आहे असेच प्रथम मानावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पोटात अन्न आहे की नाही याची त्या वाट पाहत नाहीत. त्यांचा परिणाम कित्येक तास टिकतो, मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर त्याहूनही अधिक. त्यामुळे साखर देऊन माणूस सावध झाला तरी काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. त्यांच्या डॉक्टरांना आजच, रात्रीची गोळी घेण्यापूर्वी, हे जसेच्या तसे सांगा. बहुतेक वेळा गोळी बदलावी किंवा कमी करावी लागते, आणि या वयात साखरेचे उद्दिष्टही थोडे सैल ठेवतात. तोवर झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीनला त्यांची साखर मोजा. डॉक्टरांची गाठ पडली नाही आणि ते नीट जेवलेही नाहीत, तर त्या रात्री ही गोळी रिकाम्या पोटी देऊ नका.

पहाटे आकडा ७० च्या खाली आला आणि ते गिळू शकत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि वर आल्यावर दूध-पोळीसारखे काहीतरी खायला द्यावे. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल, तर घरातली साखर लवकर कामास येत नाही, कारण साखर फोडण्याची आतड्यातली क्रियाच ही औषधे मंदावतात. अशा घरात औषधाच्या दुकानातून आणलेली शुद्ध ग्लुकोजची पूड उशाशी हवी. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात साखर, गूळ, मध, पाणी काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यांना कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे निरीक्षण तुम्ही केवळ नवल म्हणून नोंदवले आहे : निर्जळ उपासाला त्रास नाही आणि खिचडीच्या उपासाला हमखास. ही विसंगती नाही. तुमच्या दुखण्याची दिशा तिच्यातूनच कळते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असताना त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ग्लुकोज असते. एकटा मेंदू मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. म्हणजे रक्तातील हा चमचा सतत रिकामा होतो आणि सतत भरला जातो. आपण जेवलेलो नसताना तो भरण्याचे काम यकृत करते : त्याच्यापाशी ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण १०० ग्रॅम साठा असतो, आणि तो सरत आला की स्नायूंतील प्रथिनांपासून, चरबीतील ग्लिसरॉलपासून ते नवे ग्लुकोज तयार करते. हरतालिकेला दिवसभर तुमच्या पोटात पाणीही नव्हते, तरी हात थरथरले नाहीत, याचा अर्थ यकृताचे हे काम चोख चालू होते. निदान ठरवायला एवढे पुरेसे नाही, आणि खात्री करण्यासाठी म्हणून मुद्दाम पुन्हा निर्जळ राहण्याचीही गरज नाही. परंतु उपाशीपोटी साखर उतरवणारे जे विरळ व गंभीर आजार असतात, त्यांची शक्यता यामुळे बरीच मागे पडते. बिघाड पोट रिकामे असताना होत नसून पोटात काहीतरी विशिष्ट पडल्यानंतर दोन-तीन तासांनी होतो आहे.

ते विशिष्ट काय, हे तुमच्या न्याहारीच्या बशीत दिसते. बशीभर पोह्यांना ७० ग्रॅमच्या आसपास कोरडे पोहे लागतात, त्यांतून ५० ग्रॅमहून अधिक पिष्ट येते. दोन कप चहात मिळून चार चमचे साखर धरली तर ती १६ ते २० ग्रॅम. चार बिस्किटांची आणखी १५ ग्रॅमच्या आसपास. एकूण ८५ ग्रॅमच्या घरात जाणारा हा ऐवज, ज्या रक्तात एका वेळी पाच ग्रॅमच साखर मावते, त्या रक्ताच्या दारात तासाभरात येऊन उभा राहतो. सोबत प्रथिने सात-आठ ग्रॅम, आणि तंतुमय भाग नावापुरता. पोहे तर आधीच शिजवून, चेपून, वाळवलेले असतात, त्यामुळे ते पचायला वेळ लागत नाही. ही त्यांची खुबी आहे आणि तुमच्या बाबतीत तीच अडचण आहे. साबुदाणा त्याच्याही पुढचा. टॅपिओकाच्या कंदातील पिष्ट वेगळे काढून त्याचे मोती केलेले असतात. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत. दाण्याच्या कुटाने खिचडी थोडी सावरते, पण ती सावरण्याइतका कूट आपण हल्ली घालत नाही.

साखर अशी वेगाने चढली की स्वादुपिंडाने पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा एक झटपट हप्ता सोडायचा असतो. ज्यांच्या घरात मधुमेह आहे अशा अनेकांत हा पहिला हप्ता अपुरा पडू लागतो, आणि तोही मधुमेह होण्याच्या कितीतरी आधी. मग साखर अपेक्षेपेक्षा वर जाते, तिला उतरवण्यासाठी दुसरा हप्ता मोठा आणि उशिरा सुटतो, आणि तो ऐन भरात येईपर्यंत आतड्यातील अन्न संपत आलेले असते. इन्सुलिन भरपूर, अन्न सरलेले, अशा अवस्थेत साखर घसरते. तेव्हा शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते, आणि ते यकृताला साठा मोकळा करायला लावते. घाम, धडधड, बोटांची थरथर, विनाकारण वाटणारी भीती ही सगळी त्या अ‍ॅड्रेनलिनची कामे आहेत. सासूबाईंना याचा पित्ताशी संबंध वाटावा हे साहजिक आहे, कारण पोटात खड्डा पडल्यासारखे दोन्हीकडे वाटते. पण पित्त चॉकलेटने दहा मिनिटांत शमत नाही. चॉकलेटने तुम्हाला बरे वाटते, आणि त्याच चॉकलेटने पुढचा चढ सुरू होतो, ज्याचा उतार तुम्हाला दीड-दोन तासांनी भोगावा लागतो. साखर उतरल्याची लक्षणे साखर खाऊन मिटवत राहणे हाच या त्रासाचा खुराक आहे. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी सील हॅरिस या अमेरिकी डॉक्टरांनी, इन्सुलिन न टोचलेल्या माणसांतही इन्सुलिन अति झाल्याची लक्षणे दिसतात, असे लिहिले. त्यांनी अशा रुग्णांना साखर वाढवायला नव्हे, कमी करायला सांगितले होते. शंभर वर्षांनंतरही सल्ल्याचा गाभा बदललेला नाही.

मात्र एवढे सगळे मी एका गृहीतावर लिहिले आहे, की अकरा वाजता तुमची साखर खरोखरच उतरते. ते अजून सिद्ध झालेले नाही, आणि ते सिद्ध केल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घाम आणि धडधड रक्तक्षयात होते, थायरॉइडच्या अतिकार्यात होते, तीव्र काळजीच्या झटक्यात होते, अपुऱ्या झोपेवर दोन कप कडक चहा रिचवल्यानेही होते. साखर उतरण्याचा विकार आहे असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात, ही कसोटी अ‍ॅलन व्हिपल या शल्यविशारदाने १९३० च्या दशकात घालून दिली : लक्षणे असावीत, त्याच क्षणी रक्तातील साखर कमी असावी, आणि साखर वर आल्यावर लक्षणे जावीत. मधुमेह नसलेल्या माणसात 'कमी' म्हणजे ५५ च्या खाली. तुमचा ६८ हा आकडा त्या कसोटीला उतरत नाही. शिवाय घरगुती ग्लुकोमीटरमध्ये या पातळीला १५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे होणे मानकांनुसारही चालते, म्हणजे खरा आकडा ५५ च्या जवळ असू शकतो किंवा ८० सुद्धा. लक्षणे असताना आकडा ७५-८० आला, तर तुमचा त्रास खोटा ठरत नाही. वरून वेगाने खाली येणारी साखरही काहींना अशीच जाणवते आणि आहाराचे उपाय त्यांनाही लागू पडतात. पण मग रक्तक्षय, थायरॉइड, झोप, काळजी यांच्याकडे अधिक नेटाने पाहावे लागते.

म्हणून दोनशे पानी वही घ्या आणि पुढचे तीन आठवडे तिच्यात चार रकाने भरा : किती वाजता काय खाल्ले, त्रास किती वाजता झाला, त्या क्षणी साखर किती होती, आणि त्यावर काय घेतले. यंत्र पतसंस्थेत सोबत ठेवा. त्रास सुरू होताच काही खाण्यापूर्वी हात धुऊन, कोरडे करून मोजा. चॉकलेट सोललेल्या बोटाला लागलेली साखरही आकडा फुगवते, हे मी माझ्या ओपीडीत अनेकदा पाहिले आहे. माझ्याकडे अशाच तक्रारीसाठी येणाऱ्या एका शिक्षिकेच्या वहीत सलग नऊ नोंदी होत्या, आणि त्यांपैकी सात नोंदींच्या आधीच्या रकान्यात एकच शब्द होता : खारी. त्यांना मी काही सांगण्याची गरजच उरली नाही, वही माझ्यापुढे ठेवताना त्यांचे बोट त्याच शब्दावर होते. शक्य झाल्यास एकदा तरी त्रासाच्या वेळी जवळच्या प्रयोगशाळेत शिरेतून रक्त द्या, आणि ते साखरेच्या वेगळ्या नळीत घेतले जात आहे ना, याची विचारणा करा, कारण साध्या नळीत रक्त तसेच राहिले तर त्यातील पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो. ग्लुकोजचे पाणी पाजून पाच तास रक्त काढत राहण्याची जुनी चाचणी कोणी सुचवली, तर ती टाळलेली बरी. निरोगी माणसांतही तिच्यात आकडे खाली जातात. गरज पडली तर नेहमीसारखे जेवण देऊन केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह असते.

तपासण्यांत उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी), हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एवढे करून घ्या. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आले तर ती मधुमेहपूर्व अवस्था समजतात, परंतु लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा उगाच वर दिसू शकतो, म्हणून तो हिमोग्लोबिनशेजारी ठेवूनच वाचावा. 'वजन फार नाही' या वाक्यावरही विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने २००४ मध्ये छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, नेमका सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपली माणसे बारीक दिसत असतानाही आत चरबी बाळगून असतात आणि स्नायू कमी असतात, आणि साखर साठवण्याचे मोठे कोठार स्नायूच आहेत. देशभर झालेल्या ज्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार भारतात सुमारे १० कोटी माणसांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक, १३ कोटींवर, माणसे त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अकरा वाजताची थरथर ही आईच्या मधुमेहाची तुमच्यापर्यंत आलेली पहिली सूचना असू शकते, आणि ती ३६ व्या वर्षी मिळाली तर हातात बरीच वर्षे असतात, म्हणून लिहितो.

न्याहारी बदलायची ती पोहे हद्दपार करून नव्हे. मोड आलेल्या मटकीची किंवा हिरव्या मुगाची वाटीभर उसळ मुख्य आणि तिच्यावर मूठभर पोहे, असे प्रमाण उलटे करा. एरवी भाजणीचे थालीपीठ आणि दही, मुगाची धिरडी, कालची ज्वारीची भाकरी आणि पिठले, अंडी चालत असतील तर दोन अंडी आणि एक पोळी, यांपैकी जे घरात सहज होते ते. न्याहारीत १५ ग्रॅम प्रथिने यावीत, एवढे मनाशी धरा : दोन अंड्यांत १२, वाटीभर उसळीत सात-आठ, मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात. प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू यांच्यामुळे जठर हळूहळू रिकामे होते, पिष्ट आतड्यात थोडे थोडे उतरते, चढ बसका होतो आणि इन्सुलिनला घाई करावी लागत नाही. चहा सोडू नका, पण तो न्याहारीनंतर एकच कप घ्या आणि दोन आठवड्यांत साखर अर्ध्या चमच्यावर आणा. चहातील कॅफीनमुळे साखर घसरल्याची जाणीव अधिक तीव्र होते, त्यामुळे एका कपाचाही फरक तुम्हाला कळेल. बिस्किटे मात्र पूर्ण थांबवा; त्यांच्याबद्दल मला एकही चांगला शब्द लिहिता येत नाही.

दुपारच्या डब्यात क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या पानात आधी वरण-भात, मग पोळी-भाजी, मग पुन्हा ताक-भात, अशी रीत आहे, आणि भुकेल्या पोटी पहिला घास मऊ भाताचा जावा यात माया आहे हे मी जाणतो. तरीही तुम्ही ती उलटी करून पाहा. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी किंवा पोळी भाजीबरोबर, आणि भात हवाच असेल तर शेवटी, घट्ट वरणाशी. तेच पदार्थ, तेवढेच अन्न, पण भाज्या व प्रथिने आधी गेल्याने जेवणानंतरचा चढ कमी होतो, असे या विषयावरच्या प्रयोगांत दिसले आहे. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला, पतसंस्थेच्या आवारात चकरा मारल्या तरी पुरे, कारण चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत घेतात.

मैत्रिणींच्या दोन मतांबद्दल. महाराष्ट्रात गेली काही वर्षे या दोन पंथांवरून घराघरांत वाद होतात आणि दोन्हीकडे बरे झालेली माणसे आहेत, म्हणून वाद मिटत नाही. दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला शास्त्र म्हणून वाईट नाही, पण नोकरी करणाऱ्या बाईच्या हाताशी दर दोन तासांनी जे येते ते बिस्किट, खारी, चिवडा किंवा चहा असते, आणि मग दिवसभरात एकाऐवजी सहा चढ-उतार होतात. दोनदाच जेवण्याने काहींचे वजन व इन्सुलिन दोन्ही उतरतात, पण दोन जेवणांत सगळी भूक भागवायची तर प्रत्येक ताट मोठे होते आणि तुमचा त्रास मोठ्या पिष्टमय ताटाचाच आहे. गरोदर स्त्रियांनी, तसेच इन्सुलिन किंवा सासऱ्यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तो मार्ग धरूच नये. तुम्हाला माझा सल्ला तीन जेवणांचा आणि आधीच ठरवलेल्या एका मधल्या खाण्याचा आहे. साडेदहाला, त्रास होण्यापूर्वी, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे आणि पेलाभर ताक घ्या. साताठ आठवडे न्याहारी नीट बसली की हे मधले खाणेही बहुधा नकोसे वाटेल, तेव्हा ते सोडून द्या.

तरीही एखाद्या दिवशी थरथर सुरू झालीच, तर आधी मोजा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. चॉकलेट नको, त्यातील चरबीमुळे साखर रक्तात यायला उशीर होतो. पंधरा मिनिटांत सावरल्यावर फुटाणे किंवा दाणे खा म्हणजे ती साखर पुन्हा घसरणार नाही. आकडा ७० च्या वर असेल तर साखरेची गरज नाही, थेट फुटाणे आणि पाणी घेऊन दहा मिनिटे शांत बसा. त्या अवस्थेत स्कूटर मात्र चालवू नका, घर दोन मिनिटांवर असले तरी.

रात्री सात तासांची झोप आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना खरे काम, म्हणजे उठाबशा, जिना चढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, यांनी इन्सुलिनची धार वाढते. त्याबद्दल विस्ताराने पुन्हा कधी लिहीन.

काही गोष्टी घडल्या तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका. त्रास पहाटे, उपाशीपोटी किंवा व्यायाम करताना होऊ लागला, बोलणे अडखळले, डोळ्यांपुढे दुहेरी दिसले, शुद्ध हरपली किंवा झटका आला, तर लगेच फिजिशियन किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना गाठा. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथींचा अशक्तपणा अशी कारणे विरळ असली तरी ती शोधावी लागतात. वजन कमी करण्यासाठी किंवा अल्सरसाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि घरातील औषधांचा डबा आज उघडून पाहा : सासऱ्यांच्या गोळ्या तुमच्या लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांच्या शेजारी तर नाहीत ना? घाईत चुकीची गोळी घेतली जाणे हे साखर उतरण्याचे अगदी खरे कारण आहे. साखरेवरचे रामबाण म्हणून विकले जाणारे, घटक न छापलेले चूर्णही घरात असेल तर ते टाकून द्या, कारण अशा चूर्णांत मधुमेहाच्या गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे.

उपास सोडण्याचे मी सुचवत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणे तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, खिचडी तितकीशी नाही. सकाळी वरईची भगर थोडी आणि दाण्याची आमटी भरपूर घ्या, किंवा राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ आणि वाटीभर दही. दुपारी मूठभर भाजलेले दाणे आणि ताक. खजूर, केळे, बटाट्याचा गोड कीस एकट्याने खाऊ नका, दुधाबरोबर किंवा दाण्यांबरोबर खा. पुढच्या संकष्टीला हे करून पाहा, दुपारी एक वाजता बोटातून रक्ताचा एक थेंब काढून आकडा वहीत लिहा, आणि त्याच पानावर आधीच्या खिचडीच्या संकष्टीचे जे आठवते तेही लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते पान आधी उघडून दाखवा.